पॅडी चायेफ्स्कीच्या कारकिर्दीतून पटकथा कशी शिकावी

कोल्हापुरात राहून पटकथा लिहू इच्छिणाऱ्याने पॅडी चायेफ्स्की या अमेरिकी लेखकाची कारकीर्द क्रमाने अभ्यासावी, कारण त्याचे नाव प्रथम झाले ते दूरचित्रवाणीवरील छोट्या, घरगुती नाटकांमुळे.

सुरुवात ‘मार्टी’पासून करावी. १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर सादर झालेल्या या नाटकाचा १९५५ मध्ये चित्रपट झाला आणि त्याला पटकथेचे ऑस्कर मिळाले. नायक ब्रॉंक्समधला एकाकी खाटीक. ‘आज रात्री काय करायचं?’ असे तो आणि त्याचा मित्र एकमेकांना विचारत राहतात आणि त्यातूनच त्यांचे रिकामेपण उलगडते. हे संवाद वहीत उतरवावेत. मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तासभर बसून माणसे वाक्य कुठे अर्धवट सोडतात ते ऐकावे आणि त्याच लयीत दोन पानांचा प्रसंग लिहावा. बोली कोल्हापुरीच ठेवावी. ती पुस्तकी केली की माणूस हरवतो, असे मला मनापासून वाटते.

‘द हॉस्पिटल’ (१९७१) आणि ‘नेटवर्क’ (१९७६) यांनीही त्याला ऑस्कर मिळवून दिले. त्यांतील लांब भाषणांचे अनुकरण लगेच करू नये. त्यांच्यामागे संस्था आतून कशी चालते याचा कसून केलेला अभ्यास आहे. म्हणून आधी मार्केट यार्डातील गुळाचा सौदा काही दिवस पाहावा, अडते आणि शेतकरी यांच्याशी बोलावे, मगच लिहावे.

‘ऑल्टर्ड स्टेट्स’ (१९८०) या स्वतःच्याच कादंबरीवरील चित्रपटातून त्याने आपले प्रचलित नाव काढून घेतले. म्हणून करार करताना श्रेयनामाची, म्हणजे पडद्यावर लेखक म्हणून कोणते नाव येईल याची, अट लेखी घ्यावी.