या चुका टाळा: आरटीसीच्या उदाहरण-कोडमध्ये एरर कोडकडे दुर्लक्ष

आरटीसी म्हणजे बॅटरीवर वेळ राखणारी घड्याळाची चिप; डीएस३२३१ ही त्यातलीच एक. तिच्या उदाहरण-कोडने सिरियल मॉनिटरवर ‘२१६५/१६५/१६५ १६५:१६५:८५’ अशी तारीख-वेळ उमटवली की बरेच जण आधी बॅटरी बदलतात, मग मॉड्यूलच बदलतात. खरं तर हे आकडेच सगळं सांगतात. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत (आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून चिपशी बोलणारा कोड) वाचायला बाइटच नसेल तर ‘रीड’ उणे १ देतं. ते आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं की २५५ होतं आणि २५५ बीसीडीतून (दर चार बिटांत एक दशांश अंक ठेवण्याची पद्धत) बदललं की १६५. सेकंदांचा वरचा बिट मास्क केलेला, म्हणजे ० केलेला असतो, म्हणून तिथे ८५. वर्षात २००० मिळवले की २१६५. म्हणजे डीएस३२३१ चुकीची वेळ सांगत नाहीये, त्याच्याकडून उत्तरच आलेलं नाही.

वायर लायब्ररीतलं ‘एंडट्रान्समिशन’ हे फंक्शन काय परत करतं ते तपासा. ० म्हणजे ठीक. २ म्हणजे पत्त्यालाच प्रतिसाद नाही, तेव्हा पॉवर, ग्राउंड, पुलअप रेझिस्टर आणि एसडीए-एससीएल (डेटा आणि क्लॉक) तारांची अदलाबदल पाहा. ३ म्हणजे पत्ता मिळाला, पण डेटा नाकारला. ‘रिक्वेस्टफ्रॉम’ने मागितलेले तारीख-वेळेचे सातही बाइट आले का, तेही बघा. अनेक मॉड्यूलवर सोबत एक ईईप्रॉम (मेमरी चिप) असतो. आय-टू-सी स्कॅनमध्ये त्याचा पत्ता हेक्स ५७ दिसतो आणि घड्याळाचा हेक्स ६८ दिसत नाही, तर वायरी सोडा, संशय चिपवर घ्या.

याहून घातक चूक म्हणजे आय-टू-सी बस व्यवस्थित चालते, वेळही पटण्यासारखी दिसते, पण खोटी असते. ऑसिलेटर (घड्याळाला ठोके देणारा भाग) कधी थांबला असेल तर डीएस३२३१ स्टेटस रजिस्टरचा सातवा बिट १ करतो आणि आपण ० लिहीपर्यंत तो तसाच राहतो. तो आधी वाचा, वेळ लावा, मगच पुसा. सुरुवातीलाच पुसलात तर पुरावा गेला. झेफिर या छोट्या उपकरणांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हीच अवस्था ‘आरटीसी_गेट_टाइम’ हे फंक्शन उणे ईनोडेटा (वेळ उपलब्ध नाही) देऊन कळवतं. हा कोड आणि उणे ईआयओ (चिपशी बोलणंच फसलं) एकाच ‘एरर’ मेसेजखाली गुंडाळू नका: पहिल्यावर उपाय वेळ लावणं, दुसऱ्यावर वायरिंग तपासणं. आणि कॉल फसल्यावर वेळ साठवणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये मागचीच वेळ उरलेली असू शकते. ती छापली की घड्याळ अडकल्यासारखं वाटतं आणि शोध भलतीकडेच जातो.

कंपाइलच्या वेळेने घड्याळ लावणारी ओळ अटीबाहेर ठेवू नका, नाहीतर दर रीसेटला घड्याळ मागे जाईल.

उदाहरणांमधला ‘आरटीसी सापडलं नाही’ म्हणून कायमचं थांबणारा लूप टेबलावर चालतो, शेतातल्या डेटा लॉगरमध्ये नाही. तिथे रीडिंग घेत राहा, वेळेचा रकाना रिकामा सोडा आणि शेजारी एरर कोड लिहा. रिकामा रकाना नंतर भरता येतो, खोटी वेळ ओळखताही येत नाही.

वेळ लिहितानाही परतीचा कोड बघा. झेफिरमध्ये वर्ष १९०० पासून आणि महिना ० पासून मोजतात. थेट २०२५ दिलंत तर उणे ईइनव्हॅल (अवैध मूल्य) यायला हवा. तो वाचलाच नाही, तर घड्याळ लावलं असं समजून तुम्ही पुढे जाल.