बजेट टीव्हीवर एचडीआर काळपट दिसतंय? आधी या सेटिंग बघा

नाशिकच्या कॉलेज रोडच्या शोरूममध्ये टीव्ही झगमग दिसतो आणि तोच सिडकोतल्या हॉलमध्ये लावून फोरके एचडीआर पिक्चर सुरू केला की रात्रीच्या सीनमध्ये कोण कुठे उभंय तेच कळत नाही, ही तक्रार खूप जण करतात. टीव्ही खराब नसतो हो. एचडीआर म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि काळे भाग जास्त काळे दाखवणारं चित्र. असे पिक्चर साधारण 1000 निट्स (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवतात, काही तर 4000, आणि आपला पंचवीस हजारातला टीव्ही जेमतेम 250 ते 350 निट्स देतो. म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी बादलीत भरायचंय, टीव्ही ते कसंबसं बसवतो, त्यालाच टोन मॅपिंग म्हणतात. त्यामुळे बादली तरी काठोकाठ भरेल एवढंच आपण बघायचं.

आधी खरोखरचं एचडीआर काहीतरी लावा आणि ते चालू असतानाच सेटिंग उघडा, कारण बहुतेक टीव्ही एचडीआरच्या सेटिंग वेगळ्या सेव्ह करतात, केबलचं चॅनल लावून कितीही खटपट केली तरी इकडे काही फरक पडणार नाही. यूट्यूबवर क्वालिटीमध्ये एचडीआर लिहिलेलं दिसतं का बघा, नेटफ्लिक्सला प्रीमियम प्लॅन लागतो.

आता सगळ्यात मोठा चोर म्हणजे इको मोड, पॉवर सेव्हिंग, लाइट सेन्सर, नाव काहीही असो, बंद करा. निम्मं काम इथेच होतं. मग पिक्चर मोड मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा, व्हिव्हिड नको, त्यात चेहरे हळद लागल्यासारखे दिसतात. बॅकलाइट फुल. इथे एक घोळ आहे, काही कंपन्या बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि काहींचा ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी, तर तो वाढवून बघा, काळ्या पट्ट्या राखाडी झाल्या तर तो दुसरा प्रकार, त्याला परत होता तिथे सोडा. कॉन्ट्रास्ट कंपनीने दिलाय तोच ठेवा. डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे प्रत्येक सीन बघून केलेलं टोन मॅपिंग, असेल तर चालू करा, स्वस्त पॅनलवर त्याचा खरंच उपयोग होतो. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याच्या वेगवेगळ्या भागांचा बॅकलाइट वेगवेगळा कमी-जास्त होणं, या किमतीत सहसा नसतंच. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर त्यात ब्राइट आणि डार्क असे दोन मोड येतात, दिवसा ब्राइट.

कलर टेम्परेचर वॉर्म. पहिल्या दिवशी पिवळं वाटेल, मग डोळ्यांना सवय होते, फारच पिवळं वाटलं तर एक पायरी खाली या. शार्पनेस अगदी कमी, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर पिक्चर सिरीयलसारखा दिसतो.

प्लेस्टेशन किंवा बाहेरचा बॉक्स जोडला असेल तर त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग एन्हान्स्ड करा, काही टीव्हीत तिला यूएचडी कलर म्हणतात. ती बंद असली तर बऱ्याच टीव्हीवर एचडीआर सिग्नल येतच नाही आणि आपण उगाच केबलला शिव्या देत बसतो.

बाकी पश्चिमेची बाल्कनी उघडी ठेवून भर दुपारी एचडीआर बघणार असाल तर कुठलीच सेटिंग कामाची नाही, जाड पडदा ओढा. तरीही अंधारच वाटत असेल तर सरळ एचडीआर बंद करून साध्या मोडवर बघा, लाज कसली, 300 निट्सच्या टीव्हीवर कधीकधी तेच जास्त चांगलं दिसतं. फायर स्टिकवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज असं मिळेल, तिथे एचडीआर बंद करता येतं. आणि चालू ठेवायचं असेल तर 'ऑलवेज एचडीआर' नको, 'अडॅप्टिव्ह' निवडा, म्हणजे आईची सिरीयल तरी नेहमीसारखी दिसेल.