बडा अधिकारी वादातून कंपनी सोडतो तेव्हा काय करायचं, कोणत्या क्रमानं

हिंजवडी, खराडी किंवा बाणेरमधल्या सॉफ्टवेअर कंपनीचा सीईओ भांडून बाहेर पडला की दुपारपर्यंत बातमी खालच्या चहाच्या टपरीवर पोचलेली असते. वर मात्र एचआर, आयटी आणि कंपनी सेक्रेटरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. चूक कुणाची हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालतो. कंपनीचं जे कायमचं नुकसान होतं, ते बहुतेक वेळा पहिल्या दिवशी कामांचा क्रम चुकल्यामुळे होतं.

आधी राजीनामा नीट वाचा

एमडी (व्यवस्थापकीय संचालक) किंवा सीईओ बहुतेक वेळा एकाच वेळी नोकरदारही असतो आणि संचालकही. ‘मी एमडी पदाचा राजीनामा देत आहे’ एवढंच पत्र आलं तर नोकरी सुटते, संचालकपद तसंच राहतं, आणि पुढच्या बोर्ड मीटिंगची नोटीस त्याला पाठवावीच लागते. म्हणून पत्रात ‘नोकरीचा तसेच संचालकपदाचा’ असे स्पष्ट शब्द मागून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे संचालकाचा राजीनामा कंपनीला मिळाला ती तारीख किंवा पत्रात लिहिलेली तारीख, यांतली जी नंतरची असेल तिला लागू होतो. त्यामुळे आवक शिक्का तारीख आणि वेळेसकट मारा. ईमेल असेल तर हेडरसकट जपून ठेवा. संचालक बदलल्याची नोंद करणारा डीआयआर-१२ हा फॉर्म कंपनीनं तीस दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो, त्यासाठी आकुर्डीच्या आरओसी (कंपनी निबंधक) कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. राजीनामा देणाराही स्वतःच्या बाजूनं डीआयआर-११ हा फॉर्म भरू शकतो. दोन फॉर्मांत दोन तारखा पडल्या तर मधल्या काळातल्या प्रत्येक सहीवर प्रश्न उभा राहतो.

राजीनामा द्यायला तो तयारच नसेल तर? करारात तरतूद असेल तर बोर्ड त्याला नोकरीवरून काढू शकतं. पण संचालकपदावरून काढणं हे कलम १६९ खाली भागधारकांच्या सभेचं काम आहे. सभेच्या किमान १४ दिवस आधी विशेष नोटीस लागते, तिची प्रत त्याला लगेच द्यावी लागते आणि सभेत बोलायची संधीही. घाईत ही पायरी गाळली की प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जातं, आणि तिथे तुमची बाजू पहिल्याच दिवशी लंगडी पडते.

किल्ल्या त्याच तासात

मीटिंग चालू असतानाच आयटीनं काम सुरू करायचं. पहिलं काम म्हणजे लॅपटॉपची बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट रिकव्हरी की (कुलूपबंद डिस्क उघडणारा लांबलचक कोड) काढून वेगळी ठेवणं. अकाउंट आधी उडवलं आणि कीही त्याबरोबर गेली, तर डिस्क कायमची बंद. मग अकाउंट सस्पेंड करा, डिलीट नको. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवसांपर्यंतच परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस. वाद त्याहून लांब चालतो.

पासवर्ड बदलला म्हणजे दार बंद झालं असं नाही. कंपनीचा कोड ठेवायच्या गिटहबचे टोकन आणि एसएसएच की (पासवर्डशिवाय आत सोडणाऱ्या डिजिटल किल्ल्या) पासवर्ड बदलूनही चालू राहतात, एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या ॲक्सेस की सुद्धा. त्या एकेक करून रद्द कराव्या लागतात. एडब्ल्यूएसचं रूट (सर्वाधिकार असलेलं) अकाउंट आणि डोमेनची नोंदणी यांचा ओटीपी बऱ्याच कंपन्यांत अजून त्याच्याच खासगी मोबाइलवर जात असतो. संबंध पुरते तुटायच्या आत तेवढं बदलून घ्या.

अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये त्याच्या डिजिटल सहीचा यूएसबी टोकन पडलेला असतो आणि पिन अकाउंटंटला पाठ असतो. तो गेल्यावर त्या टोकननं एकही फॉर्म भरू नका. दुसऱ्याची सही केल्यासारखंच आहे ते. जीएसटी आणि ईपीएफओ पोर्टलवरचा अधिकृत सहीदार बदला. बँकेला बोर्डाच्या ठरावाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी द्या.

लॅपटॉप हातात आला की उघडून बघायचा मोह आवरा. बंद असेल तर बंदच ठेवा. कागदावर मॉडेल, सिरियल नंबर, वेळ, कुणी दिला, कुणी घेतला हे लिहून दोन सह्या घ्या. पाकिटात सील करून सीलवर आडवी सही करा. तज्ज्ञाकडून डिस्कची फॉरेन्सिक (जशीच्या तशी) प्रत काढून तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा, नोंदवा. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायला लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. दोन्ही लागतात. आयटीतल्या कुणी ‘जरा बघतो’ म्हणून लॉगिन केलं की फायलींच्या वेळा बदलतात, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

बाहेर काय बोलायचं

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला राजीनाम्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते. कंपनीनं काढलं असेल तर १२ तासांत. राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत त्याचं पत्र, त्यानं लिहिलेल्या कारणांसकट, एक्स्चेंजला द्यायचं असतं. म्हणजे पत्र चार लोकांत जाणारच, हे धरूनच उत्तर लिहा.

निवेदन तीन वाक्यांचं पुरे: कोण, कधीपासून, जागी कोण. सिद्ध करता येणार नाही असं विशेषण एकही नको. १७ नोव्हेंबर २०२३ ला चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या बोर्डानं सीईओ सॅम ऑल्टमन यांना काढताना, ते बोर्डाशी सातत्यानं मोकळेपणानं बोलत नव्हते, एवढंच सांगितलं, तपशील दिला नाही. सुमारे ७७० पैकी ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि पाच दिवसांत ते परत आले.

प्रकरणात लैंगिक छळाची तक्रार असेल तर बोलणं आणखी आखडतं घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रार, नावं आणि चौकशी उघड करायला मनाई करतं. त्यानं राजीनामा दिला म्हणून चौकशी गुंडाळू नका. ९० दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

पैसे

वेतन संहितेनुसार राजीनामा किंवा बडतर्फीनंतर कामाच्या दोन दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. ‘हिशेब नंतर बघू’ म्हणून अडवून धरू नका. जादा रक्कम कबूल करायची असेल तर बड्या अधिकाऱ्यांचा पगार ठरवणाऱ्या समितीची आणि बोर्डाची मंजुरी सहीच्या आधी घ्या. इन्फोसिसनं माजी सीएफओ राजीव बन्सल यांना १७.३८ कोटी रुपये कबूल केले, सुमारे पाच कोटी दिल्यावर उरलेले थांबवले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लवादानं १२.१७ कोटी व्याजासकट द्यायला सांगितलं.

‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ या कलमावर भिस्त ठेवू नका. करार कायद्याच्या कलम २७ खाली नोकरी सुटल्यानंतर ते टिकत नाही. गोपनीयतेचं कलम टिकतं, तेव्हा आठवण करून देणारं पत्र त्या कलमाचं पाठवा.

आणि त्याच्या हाताखालच्या टीमला बातमी बाहेरून कळू देऊ नका. त्याच दिवशी दहा मिनिटं समोर बसवून सांगा: उद्यापासून रजा कोण मंजूर करणार, रिलीजला होकार कोण देणार, ग्राहकाचा फोन कोण घेणार.