पुराने किंवा आगीने खराब झालेला फ्लॅट दुरुस्ती न करता कसा विकावा: ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरमालकांसाठी

कळव्या-दिव्याकडचा पाणी शिरलेला तळमजल्याचा फ्लॅट असो, आगीत जळालेली खोली असो की वाशीतल्या जुन्या इमारतीत स्लॅबचा पोपडा कोसळलेले घर असो, ते आहे त्या स्थितीत विकायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण गिऱ्हाइकाची असते. बँकेचा व्हॅल्युअर वाईट शेरा मारतो, गृहकर्ज अडते आणि शेवटी स्वतःकडचे पैसे एकरकमी देणारेच समोर येतात. असा माणूस जे दिसत नाही त्याचे पैसे आधी कापतो. स्लॅबच्या आत काय आहे ते कळले नाही, तर तो सगळ्यात वाईट धरूनच भाव सांगतो. ही शंका कागदाने जितकी कमी कराल तितका भाव वर येतो.

म्हणून साफसफाईआधी नोंद करा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून फोटो काढा, म्हणजे पाणी दोन फूट होते की चार, यावर नंतर वाद होत नाही. पुराचा पंचनामा तलाठ्यामार्फत होतो. त्याची प्रत तहसील कार्यालयातून मिळवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल घ्या. विमा असेल तर सर्वेयर येऊन जाईपर्यंत काही फेकू नका, फरशी उखडू नका. दाव्याची रक्कम यायच्या आत विक्री होणार असेल, तर ती कोणाची हे करारातच लिहा. विमा नव्या मालकाच्या नावावर आपोआप जात नाही.

घर आहे तसे विकायचे तर रंग लावू नका. ओल्या भिंतीवर मारलेला नवा डिस्टेंपर थोड्याच दिवसांत फुगतो आणि पाहणाऱ्याच्या मनात संशय बसतो. उलट फॉल्स सीलिंग असेल तर काढून टाका आणि स्लॅब उघडा दाखवा. प्लास्टरवर हातोडीने हलके ठोकले की चांगल्या भागाचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ भाग खडूने आखा, लटकणारे तुकडे पाडा, गंजलेल्या सळया उघड्या दिसू द्या. खाडीचे खारे पाणी मुरले असेल तर हे जास्तच महत्त्वाचे. त्यातले क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. बाहेरून गिलावा केल्याने हे थांबत नाही. अनुभवी बिल्डरला ते माहीत असते, त्यामुळे त्याच्यापुढे लपवाछपवी करून काही मिळत नाही. खर्च करायचाच तर तो गाळ काढणे, घर वाळवणे आणि परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून घेणे एवढ्यावरच करा.

यानंतर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. नुकसान ऑडिटनंतरचे असेल तर महापालिकेच्या पॅनेलवरच्या अभियंत्याकडून आपल्या फ्लॅटची वेगळी तपासणी करून घ्या. काँक्रीटच्या ताकदीसाठी रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळीसाठी अल्ट्रासॉनिक पल्स आणि सळईच्या गंजासाठी हाफ-सेल या चाचण्यांचे आकडे त्यात असावेत. नुसते ‘दुरुस्ती आवश्यक’ असे पत्र कामाचे नाही.

ऑडिटनुसार इमारत कोणत्या वर्गात आहे यावर पुढचे सगळे ठरते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी म्हणजे घर रिकामे न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-२ए म्हणजे रिकामे करून. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-१ मध्ये घेणारा भिंती विकत घेत नाही, पुनर्विकासात मिळणाऱ्या नव्या घराचा हक्क घेतो. तिथे घाई करून मोडीच्या भावाने विकणे हे फार मोठे नुकसान आहे, आणि पावसाळ्यातल्या नोटिसा निघाल्या की दलाल नेमके हेच करायला लावतात. आधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव कुठवर आला ते पाहा. महापालिकेने घर रिकामे करायला सांगितले असेल तर ताबा सोडण्याआधी चटई क्षेत्राची मोजणी करून तसा दाखला घ्या. इमारत पडल्यावर तुमचे घर किती फुटांचे होते, हे सिद्ध करायला तोच कागद उरतो.

आता भाव. उदाहरण घेऊ. त्याच आवारातला सुस्थितीतला फ्लॅट ६० लाखांना जातो. दुरुस्तीचे अंदाजपत्रक ६ लाख. फोडल्यावर आणखी काही निघतेच, म्हणून वर २५ टक्के, म्हणजे दीड लाख. काम चालू असतानाचा मेंटेनन्स आणि भाडे मिळून ५० हजार. घेणाऱ्याचा जोखमीचा नफा १० टक्के, ६ लाख. उरले ४६ लाख. यापेक्षा कमी मागणारा नेमके कशाचे पैसे कापतो आहे, ते त्याला लिहून द्यायला सांगा. दोन वेगवेगळ्या ठेकेदारांची अंदाजपत्रके हातात असली की बोलणी आकड्यांवर होतात.

इथे रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांचा तक्ता, आडवा येतो. त्याला तुमचा तुटलेला स्लॅब दिसत नाही. समजा रेकनरप्रमाणे मूल्य ५२ लाख निघते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनर यांपैकी जे जास्त त्यावर, म्हणजे ५२ लाखांवरच लागते. शिवाय रेकनरचा आकडा विक्री किमतीच्या ११० टक्क्यांहून वर गेला की तुमचा भांडवली नफा ५२ लाख धरून मोजला जातो आणि घेणाऱ्याला मधला फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. ४६ लाखांचे ११० टक्के ५० लाख ६० हजार होतात, म्हणजे दोघेही अडकले. पण किंमत ४७ लाख २८ हजार ठरली की ११० टक्के ५२ लाखांच्या थोडे वर जातात आणि दोघांचा हा प्रश्न मिटतो. सव्वा लाख वाढवून देणे घेणाऱ्याच्याही फायद्याचे असते, कारण त्याला एरवी ६ लाखांवर कर भरावा लागला असता. बोलणीला बसण्याआधी हा हिशेब करून ठेवा. तिथवर किंमत पोचत नसेल तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती लागते ते आधीच ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. आयकर विभागाकडेही मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते. दोन्हीकडे फोटो, पंचनामा आणि ऑडिट अहवाल लागतात.

कर्जाविना एकरकमी व्यवहार म्हणजे नोटांची पिशवी नव्हे. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि तो पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. ‘थोडे ब्लॅकमध्ये देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. टोकनसुद्धा चेक किंवा आरटीजीएसनेच घ्या. किंमत किंवा रेकनर यांपैकी काहीही ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा तुम्हाला द्यायच्या पैशांतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतो. वरच्या उदाहरणात तो ५२ लाखांवर लागेल.

करारात ‘आहे त्या स्थितीत’ एवढेच लिहून तुमची सुटका होत नाही. तुम्हाला माहीत असलेला आणि समोरच्याला साध्या पाहणीत न दिसणारा दोष सांगणे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे. तो लपवला तर फसवणूक धरली जाते. म्हणून पाणी कधी आणि किती शिरले, आग कुठे लागली, महापालिकेची नोटीस, सोसायटीची मोठ्या दुरुस्तीची वर्गणी किती ठरली आणि तुम्ही किती भरली हे सगळे परिशिष्टात लिहा. ऑडिट जोडा आणि प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही घ्या. पुढे वाद झाला तर हीच पाने तुम्हाला वाचवतील.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, विक्रीला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही, पण थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावेच लागते. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५ हजारांहून जास्त मागता येत नाही. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते टोकनआधी ठरवा. अनेक सौदे इथेच रखडतात. गृहकर्ज बाकी असेल तर बँकेकडून फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र, आणि तारण कागदांची यादी घ्या.

‘आजच पैसे’ म्हणणाऱ्यांपासून जपा. किरकोळ टोकन, सहा महिन्यांची मुदत आणि सोबत मुखत्यारपत्र, असा कागद पुढे आला तर समोरचा तुमचा फ्लॅट दुसऱ्याला विकून मधला फायदा घेणार आहे. मुखत्यारपत्र देऊ नका. मुदत ४५ दिवसांची ठेवा आणि चुकल्यास टोकन जप्त, असे लिहा. मूळ शेअर सर्टिफिकेट आणि किल्ली पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्या. नोटरी केलेल्या कागदाने मालकी जात नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. बँकर्स चेक असेल तर देणाऱ्या शाखेत जाऊन खात्री करून मगच सही करा.

ताबा दिल्यावर वीज मीटरचे त्या दिवशीचे रीडिंग, मालमत्ता कराची शेवटची पावती आणि सूची दोनची (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत स्वतःकडे ठेवा. मीटर आणि कर घेणाऱ्याच्या नावावर झाला का, हे महिनाभराने तपासा.