बजी पाळताय? पंखा, तवा आणि दाण्याची वाटी सांभाळा

आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून घरात बजी किंवा कॉकाटील (दोन्ही छोटे परदेशी पोपट) आहे असं धरून सांगते.

पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद करा आणि पाती पूर्ण थांबू द्या. खिडकीवर पडदा ओढा. काच त्यांना दिसत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात तर नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवू नका, त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. सोबत धुतलेली कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर द्या. हिरवी मिरचीही खुशाल द्या, तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, खारट फरसाण मात्र चुकूनही नको.

दाण्याची वाटी भरलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारा, कधी कधी खाली एकही दाणा नसतो.