जुन्या रॉक-श्रोत्यांच्या आठवणी आणि मते कशी नोंदवावीत

मुंबईत 1965 ते 1990 या काळात ज्या मराठी मुलामुलींना रॉक संगीताचा नाद लागला, ती माणसे आज पन्नाशी ते ऐंशीच्या दरम्यान आहेत. त्यांनी ज्यांना ऐकले ते कलावंतही एकेक करून जात आहेत. ‘रोलिंग स्टोन्स’चे ड्रमवादक चार्ली वॉट्स 2021 मध्ये गेले, गिटारवादक जेफ बेक 2023 मध्ये आणि ‘ब्लॅक सबाथ’चे गायक ऑझी ऑस्बोर्न जुलै 2025 मध्ये. या कलावंतांची चरित्रे, मुलाखती आणि ध्वनिमुद्रणे जगभर जपली जातीलच. गिरगावच्या चाळीत किंवा परळच्या एका खोलीत, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून टेपला कान लावून ती ऐकणाऱ्याला काय वाटले, हे मात्र त्याच्याकडे जाऊन बसल्याशिवाय कळणार नाही. गेली काही वर्षे मी माझ्या नात्यातील आणि ओळखीतील अशा श्रोत्यांच्या आठवणी नोंदवतो आहे. आपल्या घरात किंवा वाडीत अशी एखादी व्यक्ती असेल, तर हे काम कसे करावे ते येथे सांगतो.

कोणाकडेही जाण्यापूर्वी मुंबईशी संबंधित घटनांची एक पानभर कालसूची स्वतःच्या हाताने लिहून काढावी. ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन 1966 मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते आणि जानेवारी 1968 मध्ये येथील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केले. ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये आले, त्यांनीही मुंबईच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये एका रात्री वाजवले. 26 मार्च 1980 रोजी धोबीतलावच्या रंगभवनात ‘द पोलीस’ या बँडची मैफल झाली आणि त्याच रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरू लागला. पुढे ‘डीप पर्पल’ 1995 मध्ये आले, ‘रोलिंग स्टोन्स’ 7 एप्रिल 2003 रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, पूर्वी ‘पिंक फ्लॉइड’मध्ये असलेले रॉजर वॉटर्स फेब्रुवारी 2007 मध्ये, ‘आयर्न मेडन’ 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आणि ‘यू टू’ 15 डिसेंबर 2019 रोजी नेरुळला. ही सूची समोरच्याला वाचून दाखवायची नाही. ती आपल्या खिशात असावी, म्हणजे बोलणारा घसरला तर आपल्याला कळते आणि तो अडखळला तर हलकेच आधार देता येतो.

सन विचारून उत्तर क्वचितच मिळते, कारण आपल्याकडची माणसे काळ मोजतात तो घरातल्या आणि शहरातल्या घटनांवरून. ‘मॅट्रिकच्या सुट्टीत’, ‘आणीबाणी होती तेव्हा’, ‘गिरणी संपाच्या वर्षी बाबा घरी बसून होते’ अशी उत्तरे येतात आणि ती सनापेक्षा अधिक भरवशाची असतात. रेल्वे संप मे 1974 मधला, आणीबाणी जून 1975 मध्ये लागलेली आणि गिरणी संप जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला, एवढे माहीत असले की ‘पहिली इंग्लिश कॅसेट गिरणी संपाच्या वर्षी घेतली’ या वाक्यातून सन निघतो आणि त्या घराची परिस्थितीही समजते.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे पहिला प्रश्न. माझ्या मामांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘मामा, तुमचे आवडते गिटारवादक कोण?’ असे विचारले. त्यांनी पाच-सहा नावे सांगितली, प्रत्येकाला ‘जबरदस्त’, ‘बापमाणूस’ अशी विशेषणे लावली आणि दहा मिनिटांत बोलणे संपले. ती नावे तर कोणत्याही मासिकात सापडली असती. मी निघण्याच्या बेतात असताना त्यांनी कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कॅसेट होत्या. एका कॅसेटच्या आतल्या कार्डावर निळ्या शाईने, रेघ मारून, दोन्ही बाजूंची गाणी लिहिलेली होती आणि एका गाण्यापुढे कंसात ‘अर्धवट’ असा शब्द होता. मी विचारले, ‘हे अर्धवट का?’ त्यावर ते पाऊण तास बोलले.

ती एलपी त्यांच्या वर्गमित्राच्या घरची, दादर पारशी कॉलनीतली. मामांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता, म्हणून ते उसना टू-इन-वन पिशवीत घालून मित्राकडे गेले आणि स्पीकरसमोर तो ठेवून ‘डीप पर्पल’चे गाणे टेप करू लागले. गाणे रंगात आले असतानाच मित्राच्या आजींची प्रार्थनेची वेळ झाली, त्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या आणि मित्राने सुई उचलली. पुढे जवळजवळ वीस वर्षे मामा ते गाणे त्या जागेपर्यंतच ऐकत होते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी आणल्यावर त्यांनी ते प्रथमच पूर्ण ऐकले आणि त्यांचे प्रामाणिक मत असे पडले की पुढचा भाग लांबलेला आहे, सुई उचलली तीच जागा बरोबर होती. या एका शब्दामागे वादकांविषयीचे मतही होते आणि ते मत कसे तयार झाले याचा इतिहासही होता. तेव्हापासून मी कलावंताविषयी पहिला प्रश्न विचारत नाही. घरात काय उरले आहे ते आधी दाखवायला सांगतो. कॅसेट, एलपीचे कव्हर, तिकिटाचा अर्धा तुकडा, मासिकातून कापलेले पोस्टर, वहीत उतरवून घेतलेले गाण्याचे बोल, यांपैकी काहीही चालते. वस्तू बोलणाऱ्याच्या हातात द्यावी आणि तिच्यावरचा ओरखडा, अक्षर, खाडाखोड याविषयी विचारावे.

कॅसेट लगेच लावून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. मुंबईच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, तशी फीत वाजवली तर ती तुटू शकते आणि डेकच्या हेडलाही घाण लागते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवून जाणकाराकडे द्यावी. फीत स्वच्छ असेल तरी पेन्सिलने चाक थोडे फिरवून ती मोकळी आहे ना, हे आधी पाहावे.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्रावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. फोनमधले साधे रेकॉर्डिंग पुरते. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, ‘फ्लाइट मोड’वर टाकावा आणि बोलणाऱ्याला सोसवेल तेवढा वेळ पंखा बंद करावा, कारण पंख्याची घरघर नंतर पूर्णपणे काढणे कठीण असते. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी, कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात आणि संध्याकाळची वर्दळ सुरू व्हायची असते. सुरुवातीलाच दिनांक, स्थळ आणि ‘हे नोंदवायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्यावे.

मते नोंदवणे हे आठवणी नोंदवण्यापेक्षा कठीण आहे. ‘तेव्हाचं संगीत ते संगीत, आता काय राहिलंय’ हे वाक्य प्रत्येक जण बोलतो आणि ते मनापासून बोलतो, परंतु त्यातून आपल्या हाती काही लागत नाही. अशा वेळी विचारावे, ‘काका, कुठल्या गाण्यात? कुठल्या जागेला?’ आपल्याकडे ‘जागा’ हा शब्द फार उपयोगाचा आहे. नाट्यसंगीत आणि भावगीत ऐकत वाढलेल्या माणसाला गाण्यातली जागा दाखवता येते आणि रॉक ऐकतानाही त्याचा कान तीच सवय घेऊन बसलेला असतो. लालबागच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले की एरिक क्लॅप्टन तार ओढून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जातो तेव्हा त्यांना मींडच ऐकू येते आणि ज्या वादकाची बोटे झरझर चालतात पण सूर लागत नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी त्यांना आवडत नाही. हे मत एका मराठी कानाचे आहे. ते त्यांच्याच शब्दांत, ‘मींड’ हा शब्द तसाच ठेवून लिहावे. ‘बेंडिंग’ असे त्याचे शुद्धीकरण करू नये.

प्रत्येक मताच्या दोन तारखा असतात, तेव्हाची आणि आताची. ‘पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय वाटलं?’ आणि ‘आज ऐकताना काय वाटतं?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन विचारावेत. विशेषतः वयस्कर कलावंतांच्या मैफलींविषयी हे करावे. ‘यू टू’च्या 1987 च्या ‘द जोशुआ ट्री’ अल्बमची कॅसेट झिजवलेला माणूस 2019 मध्ये नेरुळच्या मैदानात उभा राहतो, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा हिशेब मनात मांडत असतो. गायकाचा आवाज वरच्या पट्टीत पोहोचत नाही हे काही जणांना खुपते, तर काहींना स्वतःचेही गुडघे दुखत असताना तो माणूस उभा राहून गातो याचेच अप्रूप वाटते. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमला ऑझी ऑस्बोर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचे गायले आणि तीन आठवड्यांच्या आत गेले. त्याविषयी मी ज्या तिघांना विचारले त्यांची तीन उत्तरे आली, त्यांपैकी एकाने ‘पाहवलं नाही, बंद केलं’ एवढेच म्हटले. अशा उत्तरानंतर गप्प बसावे. पुढचा प्रश्न रेटू नये.

या कामात एक चूक सर्वत्र होते आणि सुरुवातीला माझ्याकडूनही झाली. आपण ‘मैफलीला कोण गेले होते’ याचा शोध घेत फिरतो, त्यामुळे बायका आपोआप वगळल्या जातात. रात्री रंगभवनात जायला मराठी घरांतल्या किती मुलींना परवानगी होती? माझ्या एका मावशीने आयुष्यात एकही मैफल पाहिली नाही, पण आकाशवाणीवरच्या ‘सॅटर्डे डेट’मध्ये लागलेली गाणी ती वर्षानुवर्षे वहीत लिहीत असे, कलावंताच्या नावासमोर स्वतःचा शेरा देत असे, आणि ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाविषयीचे तिचे शेरे मी वाचलेल्या समीक्षेपेक्षा धारदार आहेत. तेव्हा घरात भाऊ बोलत असेल तर बहिणीलाही बसवावे, आणि शक्यतो वेगळे बसवावे, नाहीतर भाऊच तिच्या वतीने बोलतो. मित्रांच्या टोळक्यालाही हेच लागू आहे. आधी एकेकाला गाठावे आणि नंतर सर्वांना एकत्र आणावे, कारण चौघे जमले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते.

फ्रेडी मर्क्युरीचे नाव निघाले की ‘तो तर आपल्या पाचगणीचा’ हे हमखास ऐकू येते. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, 1955 पासून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला हे खरेच आहे. परंतु येथे एक प्रश्न न चुकता विचारावा, ‘हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं, की नंतर कळलं?’ पुष्कळांना ते 1991 मध्ये त्याच्या निधनानंतर किंवा त्याहूनही उशिरा कळलेले असते आणि मग मागची सगळी आठवण त्या अभिमानाच्या रंगात भिजून निघते. ‘स्लिप डिस्क’च्या रात्रीचेही तसेच. ‘लेड झेपलिन मुंबईत वाजवून गेले’ असे सर्रास म्हटले जाते, पण आले होते ते पेज आणि प्लांट हे दोघेच.

चुकीच्या आठवणी आल्या की काय करावे? बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. ‘डीप पर्पल’च्या 1995 च्या मैफलीत गिटारवादक रिची ब्लॅकमोरला डोळ्यांनी पाहिल्याचे दादरच्या एका गृहस्थांनी मला तपशीलवार सांगितले. ब्लॅकमोर 1993 च्या नोव्हेंबरमध्येच ‘डीप पर्पल’ सोडून गेले होते, मुंबईत गिटार वाजवली ती स्टीव्ह मोर्स यांनी. मी त्या वेळी काहीच म्हटले नाही. तासाभराने त्यांनी दाखवलेल्या जुन्या फोटोत, अभ्यासाच्या टेबलामागच्या भिंतीवर, ब्लॅकमोरचे पोस्टर होते आणि ते तेथे बारा वर्षे असल्याचे त्यांनी सहज सांगितले. ज्या चेहऱ्याकडे पाहत त्यांनी सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला, तोच त्यांना रंगमंचावर दिसला. नोंद करताना मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवावे, त्याखाली वेगळ्या शाईत खरी माहिती लिहावी आणि पोस्टरचा उल्लेख करावा. तसेच कोणी 2003 मध्ये ब्रेबॉर्नवर ‘रोलिंग स्टोन्स’च्या बिल वायमनला पाहिल्याचे सांगेल किंवा 2007 मध्ये ‘पिंक फ्लॉइड’ ऐकल्याचे सांगेल. वायमन 1993 मध्येच बाहेर पडले होते आणि 2007 मध्ये रॉजर वॉटर्स आपला वेगळा वाद्यवृंद घेऊन आले होते. वादाचा मुद्दा तारखेचा असेल तर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहावीत.

रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढताना बोलणाऱ्याची सरमिसळ भाषा राहू द्यावी. ‘काय लीड घेतलाय त्याने’ हे वाक्य प्रमाण मराठीत बसवले की मरते. एका तासाच्या बोलण्याला लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, हे धरूनच चालावे. लिहिलेले पान मोठ्या अक्षरांत छापून, एका बाजूला तीन बोटे समास सोडून, बोलणाऱ्याकडे परत न्यावे, सोबत पेन्सिल द्यावी आणि आठवडाभर ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मामांनी त्यांच्या पानावर फारशा दुरुस्त्या केल्या नाहीत. आजींच्या उल्लेखाशी मात्र एक बाण काढून त्यांनी समासात लिहिले होते, ‘त्या रागावल्या नव्हत्या. प्रार्थना झाल्यावर त्यांनीच विचारलं, पुढचं लावायचंय का? मीच लाजून नको म्हटलं.’