आधी सॅम्पल, मग लॉट: छोट्या संघात अ‍ॅजाइल पद्धत कशी रुजवावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकामाचा नवा पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, तयार झाला म्हणून कोणी लगेच हजार नग ओतत नाही. आधी सॅम्पल ओततात, मापे तपासतात, ग्राहकाकडून ते पास करून घेतात आणि मगच लॉट लावतात. एका फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, डिस्पॅचचे (माल पाठवण्याचे) सॉफ्टवेअर करताना आम्ही मात्र हा साधा क्रम विसरलो. चार महिने काम करून सगळे एकदम दाखवायला गेलो, तेव्हा पाठवायच्या मालाचे चलन करणाऱ्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "परत आलेला माल कुठं लिहायचा?" रिजेक्ट होऊन परत येणाऱ्या कास्टिंगची (ओतीव मालाची) नोंद आमच्या रचनेत कुठेच नव्हती आणि ती घालण्यासाठी निम्मे काम उसवावे लागले. हाच प्रश्न पहिल्या पंधरवड्यात आला असता तर दोन दिवसांत निभावले असते. काम छोट्या टप्प्यांत करून प्रत्येक टप्पा ग्राहकाला दाखवत जाणे, ही अ‍ॅजाइल पद्धत. तिचा खरा फायदा माझ्या मते हाच आहे: चूक होतेच, पण ती स्वस्त असताना सापडते.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एकत्र येऊन अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्ये आणि बारा तत्त्वे आहेत. भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर आणि कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचा सहभाग मोलाचा, हा त्याचा गाभा आहे. ही मूल्ये प्रत्यक्षात आणण्यासाठी स्क्रम ही चौकट सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात कामाचे एक चक्र, म्हणजे स्प्रिंट, एक महिन्यापेक्षा मोठे नसते आणि संघ साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांचा असतो. नवख्या संघाने दोन आठवड्यांचे चक्र घ्यावे, असे मी सुचवेन.

सुरुवात कामांच्या यादीपासून करावी आणि त्या यादीचा क्रम ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्यावा. आपल्याकडे ही पायरी सर्वांत अवघड जाते. घरच्या उद्योगात मालक, त्यांचे बंधू आणि अकाउंटंट असे तिघेही प्रोग्रॅमरला थेट फोन करून "एवढं आधी करून द्या" असे सांगतात, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच मालकांसमोर बसून, सगळ्या मागण्या कोणामार्फत येतील हे आदराने, पण स्पष्टपणे ठरवून घ्यावे.

त्यानंतर भिंतीवर एक फलक लावून 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' असे तीन रकाने आखावेत आणि प्रत्येक कामाचे एक कार्ड त्यांत लावावे. टोयोटाच्या कारखान्यांत विकसित झालेल्या कानबान पद्धतीतून ही कल्पना आली आहे. तिचे मर्म रकान्यांत नसून मर्यादेत आहे: तिघांचा संघ असेल तर 'चालू' मध्ये तीनपेक्षा जास्त कार्डे ठेवू नयेत. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या विभागाला, जेवढे झेपते त्याहून जास्त ओतत राहिले तर शेडमध्ये नुसता ढीग साचतो आणि गाडी काही भरत नाही, हे फाउंड्रीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

'झाले' म्हणजे काय, हेही लिहून ठेवावे. 'चलनावर गाडी क्रमांक छापणे' हे कार्ड प्रोग्रॅम लिहून संपल्यावर सरकवायचे नाही. डिस्पॅचच्या माणसाने स्वतःच्या हाताने एक चलन काढून पाहिल्यावरच ते 'झाले' मध्ये जाते.

रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे फलकासमोर उभे राहून कोणाचे काम कुठे अडले आहे एवढेच बोलावे. वरिष्ठांना हजेरी देण्याचे रूप त्या बैठकीला आले की माणसे अडचणी लपवू लागतात. तसे दिसताच वरिष्ठांनी काही दिवस बाजूला राहणे उत्तम.

चक्राच्या शेवटी दोन वेगळ्या बैठका घ्याव्यात. पहिलीत तयार झालेला भाग वापरणाऱ्यालाच हाताळायला द्यावा आणि आपण गप्प बसून पाहावे. दुसरीत संघाने आपल्याच कामाची पद्धत तपासून एकच सुधारणा निवडावी आणि तिचे कार्ड पुढच्या पंधरवड्याच्या फलकावर लावावे. आमचे असे पहिले कार्ड होते, काम दाखवण्याची वेळ दुपारी चारवरून सकाळी दहावर आणण्याचे. कारण चारनंतर गाड्या भरायच्या असतात आणि चलन करणाऱ्या त्या गृहस्थांना खुर्चीवर टेकायलाही सवड नसते.